कासवाच्या पाठीवरील करंडक वनस्पती : ओळख आणि नाव

डायाटम या एकपेशीय शैवलांना मराठीत ‘करंडक वनस्पती’ अशी संज्ञा आहे, आणि परिभाषेत क्वचितच आढळणारा नेमकेपणा तीत साधला आहे. प्रत्येक पेशीभोवती सिलिकेचे कवच असते. त्याचे दोन भाग करंड्याच्या बुडावर झाकण बसावे तसे एकमेकांत बसतात. या भागांना आपण पुटे म्हणू. पुटावरील छिद्रांच्या रांगा, त्या रांगांची घनता, आणि पुष्कळ जातींत मधोमध असणारी लांबट चीर यांवरून जात ओळखावयाची असते. या चिरेस ‘राफे’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शिवण.

समुद्री कासवांच्या पाठीवर या वनस्पतींची दाट वस्ती असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कोस्टा रिकाच्या ओस्तियोनाल किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास समूहाने आली असता त्यांच्या पाठीवरील नमुने घेण्यात आले. रोक्साना मायेव्स्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका चौरस मिलिमीटरवर सुमारे ८ हजारांपासून २७ हजारांपर्यंत पेशी मोजल्या गेल्या. प्रकार मात्र अवघे २१. गर्दी एवढी मोठी आणि कुळे इतकी थोडी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कवच नीट दिसावयाचे तर पेशीतील सेंद्रिय द्रव्य काढून टाकावे लागते. त्यासाठी नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किंवा आम्लात तापवितात. उरलेली कवचे अधिक वक्रीभवनांक असलेल्या रेझिनमध्ये बसवितात, कारण नेहमीच्या माध्यमात सिलिका जवळजवळ अदृश्य होते. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची मर्यादा सुमारे ०.२ मायक्रॉन, त्याहून बारीक रचनेसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आश्रय घ्यावा लागतो. कासवांवरील अनेक जाती इतक्या लहान आहेत की त्याविना निर्णय देणे धाडसाचे ठरते.

येथे एक पेच आहे. आम्लाने कवच उजळते, पण पेशी जिवंत होती काय आणि कासवाला चिकटली होती काय, याचा पुरावा त्याच आम्लात नाहीसा होतो. समुद्राच्या पाण्यात व वाळूत रिकामी पुटे असंख्य असतात, आणि कासवाच्या पाठीवर त्यांतील काही सहज येऊन पडतात. भाषेच्या अभ्यासकास ही अडचण परिचयाची आहे. पेशवेकालीन एखाद्या कागदात एकदाच आलेला फार्सी शब्द आणि शेकडो कागदांत मराठी प्रत्यय घेऊन वावरणारा फार्सी शब्द यांत कोशकारास भेद करावाच लागतो. तोच न्याय येथे लागू पडतो. जी जात अनेक कासवांवर पुनःपुन्हा आढळते, जिच्या पेशींत हरितकणू दिसतात, जी चिकट देठाने पाठीस धरून असते, ती रहिवासी; बाकीच्या वाटसरू. म्हणून नमुन्याचा एक भाग न धुता तसाच राखून ठेवणे माझ्या मते अनिवार्य आहे. केवळ धुतलेल्या काचपट्टीवरून केलेली यादी ही गावाची नव्हे, बाजाराच्या दिवशीची शिरगणती होय.

नावांकडे वळू. ओस्तियोनालच्या कासवांवरूनच २०१५ मध्ये दोन नव्या प्रजाती स्थापन झाल्या : चेलोनिकोला आणि पुलिनिआ. पहिलीचा पुटपृष्ठ सपाट, दुसरीचे निदान एक पुट अंतर्वक्र. पुलिनिआ हे नाव कॅनडातील तज्ज्ञ मिशेल पुलँ यांच्यावरून आले. चेलोनिकोला हा संकर आहे : ग्रीक ‘खेलोने’ म्हणजे कासव, लॅटिन ‘कोला’ म्हणजे राहणारा. हा ‘कोला’ ज्या धातूपासून आला तो आणि आपल्या ‘जलचर’मधील ‘चर्’ हे एकाच मूळ धातूचे वंशज मानले जातात. तेव्हा ‘कूर्मचर’ असे भाषांतर केवळ अर्थानेच नव्हे, व्युत्पत्तीनेही शोभून दिसते.

परंतु नावावर विश्वास ठेवून ओळख करू नये. टर्सिओकोला ही प्रजाती १९९३ मध्ये देवमासा-डॉल्फिनवर्गीय प्राण्यांवरील वनस्पतींसाठी स्थापिली गेली. नावातच डॉल्फिन आहे. २०१५ मध्ये तिचीच एक नवी जाती फ्लोरिडातील लॉगरहेड कासवांच्या मानेच्या त्वचेवर सापडली. अर्थ खोटा ठरला तरी नाव बदलत नाही, कारण नामकरणाच्या नियमांनुसार नाव ही खूण आहे, वर्णन नव्हे. जातीचा निर्णय पुटावरून व्हावयाचा. ती कोणत्या प्राण्यावर मिळाली हा दुय्यम पुरावा.

हे सांगण्यास निमित्त आहे. ऑलिव्ह रिडले ही कासवे कोकणात वेळास येथे व गोव्यात मोरजी येथे अंडी घालतात. येथील नमुन्यात सपाट पुटाची, चिमुकली, देठाची पेशी दिसताच कोस्टा रिकाच्या छायाचित्राशी ताडून तेच नाव लिहून टाकण्याचा मोह होईल. या वनस्पतींवरून कासवांच्या संचाराविषयी अनुमाने काढण्याची आशा अभ्यासक बाळगून आहेत. उसन्या नावावर रचलेले अनुमान दोन महासागरांतील भेदच पुसून टाकील. त्याआधी परवानगीचा प्रश्न आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे, आणि पाठीवरून मऊ ब्रश फिरविण्यापूर्वीही वनखात्याची लेखी अनुमती घ्यावी लागेल.