सगळं सांगून दिलेलं कुत्रं

‘अर्जंट! डॅशहंड, नर, वय अंदाजे पाच. मागचे पाय गेलेत. मालकाने रस्त्यावर सोडून दिलं. खूप गोड आहे, खूप प्रेमळ आहे. कृपया कुणीतरी घर द्या, नाहीतर...’ आणि मग रडणारे चेहरे, जोडलेले हात. पुण्या-मुंबईत प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांच्या मोबाइलवर असे निरोप सारखे येतात. लिहिणाऱ्याच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण अशा निरोपातून सहसा घर मिळत नाही, आणि मिळालं तर टिकत नाही, हे माझं या कामातलं ठाम मत आहे. वाचणारा हळहळतो आणि निरोप आणखी दोन ग्रुपवर पाठवतो. ज्याला कुत्रं खरोखर घ्यायचंय त्याचे प्रश्न वेगळे असतात. लघवी कशी करतं? गोळ्या किती, कधी? मी कामावर गेल्यावर एकटं राहील का? पाय परत येतील का? यातल्या एकाचंही उत्तर निरोपात नसतं.

ही छोटी कुत्री रस्त्यावर येतात कुठून, हे आधी पाहू. गावठी कुत्रं रस्त्यावरच जन्मतं, पण पग, शिट्झू, डॅशहंड, पॉमेरियन यांना कुणीतरी पैसे मोजून घरी आणलेलं असतं. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधला टफी कुत्रा आला आणि पांढरं पॉमेरियन घराघरांत हवंसं झालं. २००३ मध्ये हच मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग मुलाच्या मागे मागे चालत गेला आणि पगची मागणी वाढली. मागणी वाढली की घरच्या घरी, गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या पिंजऱ्यात पैदास करणारे तयार होतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार अशा प्रत्येकाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांआतलं पिल्लू विकायला बंदी आहे. नोंदणी न केलेलेच सर्रास दिसतात. आईबापांची तपासणी न करता पिल्लं काढली की अधू गुडघे, बिघडलेले डोळे, कमजोर मणके पुढच्या पिढीत उतरतात. पिल्लं देऊन थकलेली मादी तर एखाद्या रात्री हायवेवर सोडली जाते. लोंबणारी आचळं आणि पिंजऱ्यात बसून घट्टे पडलेली कोपरं पाहिली की तिचा इतिहास वेगळा विचारावा लागत नाही.

सोडून देणं हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं स्पष्टपणे नोंदलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षं उलटली तरी हा आकडा तसाच आहे, याचा मला संताप येतो.

पुन्हा त्या डॅशहंडकडे येते. बिळात शिरून शिकार करण्यासाठी जर्मनीत जोपासलेली ही जात. आखूड पाय देणाऱ्या जनुकीय बदलांपैकीच एकामुळे मणक्यांमधल्या चकत्या तरुणपणीच कोरड्या पडतात, त्यांत कॅल्शियम साठतं आणि एखाद्या दिवशी चकतीतला गर सरकून मज्जारज्जूवर दाब देतो. दर चार-पाच डॅशहंडांमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुधा चार ते सात वर्षांच्या दरम्यान. घरचे सांगतात, ‘सोफ्यावरून उडी मारली, किंचाळलं आणि संध्याकाळी मागचे पाय ओढायला लागलं.’ अशा वेळी डॉक्टर बोटाचं हाड चिमट्याने दाबून पाहतात. नुसता पाय आखडला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने मान वळवली, विव्हळलं, चावायला धावलं तर वेदना मेंदूपर्यंत पोचते आहे. जाणीव शाबूत असताना शस्त्रक्रिया झाली तर दहांतली नऊ कुत्री पुन्हा चालतात. जाणीव गेली असेल तर शक्यता निम्म्यावर येते, आणि उशीर होईल तशी आणखी घटते. दुखणं सौम्य असेल तर चार ते सहा आठवडे लहान जागेत सक्तीची विश्रांती आणि औषधं यांवरही निभावतं. पण एमआरआय, सीटी स्कॅन आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारा सर्जन या गोष्टी जनावरांसाठी मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत. जिल्ह्याच्या गावातलं कुत्रं तिथवर पोचेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. मग घरात पांगळं कुत्रं, लघवीचा वास, भावाभावांत वाद, आणि शेवटी कुणीतरी गाडी काढतं.

असं कुत्रं सांभाळायचं म्हणजे काय करायचं, ते नीट सांगते, कारण घर घाबरतं ते इथेच. पाठीचा कणा दुखावला की मूत्राशयावरचा ताबा जातो. लघवी साठून राहते, थेंबथेंब गळते आणि संसर्ग होतो. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा ती हाताने करवावी लागते. कुत्र्याला कुशीवर निजवायचं किंवा उभं धरायचं. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे ठेवायचे. आत मूत्राशय पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं. ते सापडलं की सगळ्या बोटांनी सावकाश, एकसारखा दाब शेपटीच्या दिशेने द्यायचा. झटका द्यायचा नाही, बोटं रुतवायची नाहीत. धार लागते, बारीक होते, थांबते. पुन्हा एकदा चाचपून रिकामं झालं का पाहायचं. पहिल्यांदा डॉक्टरांच्या हातावर हात ठेवूनच शिकावं. सुरुवातीला अंदाज येत नाही, पण आठवडाभर रोज केलं की हात बसतो आणि मग दोन-तीन मिनिटांत काम होतं. लघवी गढूळ दिसली, उग्र वास आला, रक्त दिसलं तर त्याच दिवशी तपासायला न्यायची.

बाकीची निगा सोपी आहे, पण रोजची आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय घसरतात आणि फरफटून सोलवटतात. तिथे जाजम किंवा योगा मॅट अंथरायची. मागच्या पायांना मोजे घालायचे. एकाच कुशीवर पडून राहिलं तर नितंबावर जखम होते, म्हणून कूस बदलायची आणि गादी कोरडी ठेवायची. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस. वजन मात्र काटेकोर सांभाळायचं. आपल्याकडे माया करण्याची रीत म्हणजे तूप लावलेली पोळी आणि पार्ले-जी. मणक्याच्या कुत्र्याला हे दोन्ही शत्रूच. दोन चाकांची गाडी मापाने करून घ्यावी लागते, पीव्हीसीचे पाइप किंवा ॲल्युमिनियम वापरून स्थानिक कारागीरही ती करतात. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच जोडायची. गाडीत बसवून ठेवायचं नाही, कारण त्यात कुत्र्याला आडवं होता येत नाही.

हे सगळं पहिल्याच निरोपात लिहायला हवं. आम्ही आता असं लिहितो: ‘नर डॅशहंड, अंदाजे पाच वर्षं, आठ किलो. नसबंदी आणि लसीकरण झालेलं. मणक्याच्या त्रासाने मागचे पाय काम करत नाहीत, पुन्हा चालेल या आशेवर घेऊ नये. लघवी दिवसातून चार वेळा हाताने करवावी लागते, आम्ही शिकवू. शी आपोआप होते, वेळ ठरलेली नाही. घरात सरपटत फिरतो, बाहेर गाडीवर पळतो. जेवताना हात लावला तर गुरगुरतो. मांजर चालत नाही. चार तास एकटा राहतो. उन्हाची जागा आणि काकडी आवडते.’

याला फोन कमी येतात, पण जे येतात ते कामाचे असतात. सातारा भागातल्या एका निवृत्त एसटी वाहकांचा फोन मला चांगला आठवतो. मी लघवीचं समजावत होते, तर मध्येच म्हणाले, ‘ताई, त्याचं एवढं काय सांगताय? आईचं अंथरुणातलं सगळं मीच केलं. दाबायचं कुठं तेवढं दाखवा.’

‘काका, काकूंचं काय म्हणणं?’

‘ती म्हणते, गादीवर घ्यायचं नाही. बाकी ती बघणारच.’

तिथेच मला ते घर पटलं. घरातल्या आजारी माणसाची सेवा केलेल्यांना डायपरची शिसारी नसते आणि वेळ पाळण्याचं ओझं वाटत नाही. दर फोनवर ‘किती क्यूट!’ म्हणणाऱ्यांपेक्षा असा माणूस मी आधी निवडते.

इतर अडचणींचं गणित वेगळं. आंधळ्या कुत्र्याला घर सोपं जातं. त्याच्या डोक्यात घराचा नकाशा पक्का बसतो, फक्त सोफा आणि पाण्याचं भांडं हलवायचं नाही आणि स्पर्श करण्याआधी हाक मारायची. बहिरं कुत्रं हाताच्या खुणा पटकन शिकतं. त्याला उठवताना जवळच्या फरशीवर पाय आपटला की कंप जाणवून ते दचकत नाही; मोकळ्या मैदानात मात्र दोरी सोडायची नाही. डिस्टेंपरच्या आजारातून वाचलेल्या कुत्र्याचा एखादा पाय किंवा जबडा आयुष्यभर तालात उडत राहतो. दिसायला भयंकर दिसतं, पण खाणं, झोपणं, खेळणं यांत ते बहुधा आनंदात असतं.

फिट येणाऱ्या कुत्र्याचं घर मात्र मी फार पारखते. फेनोबार्बिटोनसारखी गोळी दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, बहुधा जन्मभर द्यावी लागते. ‘आता बरं आहे’ म्हणून ती एकदम बंद केली तर लागोपाठ फिट येऊन जीव जाऊ शकतो. फिट येत असताना तोंडात बोट घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करून घड्याळ पाहावं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट डॉक्टर गाठायचा. चपट्या नाकाचा पग विदर्भात द्यायचा असेल तर मी कूलरची चौकशी करते, कारण मे महिन्यातल्या दुपारी तो धापा टाकतच कोसळू शकतो.

घर पाहायला गेल्यावर काय पाहतो? गॅलरीचे गज, ज्यांतून पाच किलोचं कुत्रं आरपार जातं. जिना आणि लिफ्ट. दार उघडं ठेवण्याची सवय. मग प्रश्न. गणपतीला कोकणात जाता तेव्हा याला कोण ठेवणार? घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का? आधीचं कुत्रं कसं गेलं? कामाला येणाऱ्या मावशींना विचारलंत का? हा शेवटचा प्रश्न लोकांना अनपेक्षित असतो. पण फरशी त्या पुसतात आणि दुपारी घरात त्याच असतात. त्यांचा विरोध असेल तर महिन्याभरात कुत्रं परत येतं. सोसायटीचा सेक्रेटरी ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणाला तर मात्र घाबरायचं कारण नाही. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे.

परदेशातल्या मराठी मंडळींचेही फोन येतात. ‘आमच्याकडे जागा आहे, उपचार आहेत, पाठवा.’ पूर्वी अशी कुत्री जातही असत. आता वाट अरुंद झाली आहे. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. दत्तक देण्यासाठीची कुत्रीसुद्धा व्यावसायिक आयातीत धरून कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून त्यांना प्रवेश बंद केला. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्रं किमान सहा महिन्यांचं, मायक्रोचिप लावलेलं हवं. शिवाय भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी ठरलेल्या केंद्रात आधीच नोंदणी आणि रक्ततपासणीचा अहवाल हवा, नाहीतर २८ दिवस विलगीकरण. त्यात चपट्या नाकाच्या जातींना बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. अशा लोकांना मी सांगते, कुत्रं इथेच राहू द्या, त्याची फिजिओथेरपी किंवा औषधं तुम्ही उचला. काहींनी ते मनापासून केलं आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा जुनी आहे. १८३२ मध्ये इंग्रजांनी भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा मुंबईचे पारशी रस्त्यावर उतरले होते. परळचं बैलघोडा हॉस्पिटल ज्या बॉम्बे एसपीसीएचं आहे, ती संस्था १८७४ ची. १९८५ पासून मुंबईत वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज आणि २००७ पासून पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट काम करत आहे. संस्थेत उपचार होतात, पण पांगळ्या कुत्र्याला दिवसातून चार वेळा धरणारे हात तिथे कायम पुरत नाहीत. म्हणून मधला टप्पा म्हणून फोस्टर लागतो. काही आठवडे आपल्या घरी ठेवून कुत्र्याच्या सवयी लिहून काढणारं माणूस मिळालं की पुढचं घर शोधणं निम्मं सोपं होतं, कारण वर दिलेल्या निरोपातली प्रत्येक ओळ त्याच्याकडून आलेली असते.

घर मिळाल्यावर पहिले तीन दिवस कुत्रं कोपऱ्यात बसतं, खात नाही, कधी दात दाखवतं. तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात. पुरतं रुळायला तीन महिने लागतात. हा ठोकताळा आहे, पण तो आधी सांगितला की लोक चौथ्या दिवशी ‘हे आम्हाला आपलं मानत नाही’ म्हणून फोन करत नाहीत. करारात एक अट आम्ही ठळक अक्षरांत लिहितो: कोणत्याही कारणाने जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत आणायचं, परस्पर कुणाला द्यायचं नाही. परत आणणाऱ्याला एका शब्दानेही टोचायचं नाही, नाहीतर पुढचा माणूस लाजेपोटी आमच्याकडे येण्याऐवजी हायवे धरतो.

दिवाळीच्या दिवसांत आम्ही कुत्री देणं थांबवतो. माणसाला ऐकू न येणारे वरच्या पट्टीतले आवाजही कुत्र्याला ऐकू येतात, आणि नव्या घरात, फटाक्यांत, पळता न येणारं कुत्रं भेदरून स्वतःलाच जखमी करून घेतं. तुळशीचं लग्न लागून फटाके ओसरले की भेटी पुन्हा सुरू होतात. ज्यांच्या मनात आहे त्यांनी तोवर जवळच्या संस्थेत जावं, एखाद्या पांगळ्या कुत्र्यापाशी तासभर बसावं आणि त्याची लघवी कशी करवतात ते स्वतः पाहावं. घरातल्या सगळ्यांना सोबत न्यावं, जमलं तर मावशींनाही.