साठीनंतरचा डोस : ओप्रेन नावाच्या गोळीची चित्तरकथा

औषधाच्या खोक्यातली बारीक टायपातली चिठ्ठी उलगडून वाचायचा मला फार जुना नाद आहे. घरचे हसतात. दुष्परिणामांच्या मारुतीच्या शेपटासारख्या यादीपेक्षा माझी नजर आधी जाते ती वृद्धांच्या डोसाच्या ओळीकडे. पुष्कळदा तिथे ‘सावधगिरी बाळगावी’ एवढ्यावर बोळवण केलेली असते. सावधगिरी म्हणजे नेमके काय, हे शोधता शोधता मी ओप्रेनपर्यंत पोचलो.

ओप्रेनच्या आधीची, गरोदर बायकांनी घेतल्यावर पोटातल्या बाळांना व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. त्या हाहाकारानंतर ब्रिटनमध्ये 1964 साली ‘यलो कार्ड’ आले. औषधाचा त्रास दिसला की डॉक्टरने पिवळे कार्ड भरून सरकारकडे पाठवायचे. यंत्रणा चोख होती. पण पोटातल्या बाळाच्या बाबतीत शहाणे झालेले जग घरातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत तितके शहाणे झाले नव्हते.

बेनॉक्साप्रोफेन हे एली लिली कंपनीचे संधिवाताचे औषध 1980 साली ब्रिटनच्या बाजारात आले, ‘ओप्रेन’ या नावाने. नुसते दुखणे थांबवणारे नव्हे, तर आजाराच्या मुळाशी जाणारे, अशी त्याची हवा झाली. शिवाय दिवसातून एकदाच घ्यायचे. सांधे धरलेल्या, गोळ्यांना कंटाळलेल्या माणसाला आणखी काय हवे?

ग्यानबाची मेख त्या ‘एकदाच’मध्ये होती. औषध शरीरात रेंगाळते म्हणून तर ते एकदा घेऊन भागते. तरुण माणसात त्यातले निम्मे बाहेर पडायला साधारण 30 तास लागतात. वृद्धांवरचे अभ्यास पुढे प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्यात हाच काळ 100 तासांच्या घरात निघाला. नेहमीचा डोस रोज 600 मिलिग्रॅम. मी कागदावर आकडेमोड करून पाहिली. काही दिवसांनी तरुणाच्या अंगात गोळी घेतल्यावर सुमारे 1400 मिलिग्रॅमचा साठा राहील. म्हाताऱ्याच्या अंगात तो 3900 पर्यंत चढेल. गोळी तीच, चिठ्ठी तीच, डॉक्टरची चूक काहीच नाही. तरी आजीबाईंच्या पोटात जवळजवळ तिप्पट औषध.

याचे परिणाम नजरेस आणून दिले कोणी? बेलफास्टमधल्या ह्यू टॅगर्ट आणि जोन ऑल्डरडाइस या दोघा डॉक्टरांनी. मे 1982 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा छोटासा वृत्तान्त आला. ओप्रेन घेणाऱ्या पाच वृद्ध रुग्णांना कावीळ झाली आणि ते दगावले. आरडाओरड नाही, विशेषणे नाहीत. मला या कागदाचे अप्रूप वाटते ते अशासाठी, की ऐंशीच्या घरातले माणूस गेले की ‘वय झालेच होते’ म्हणून फाइल मिटवणे किती सोपे असते! या दोघांनी मृत्यू म्हातारपणाच्या खात्यावर घातले नाहीत. गोळीकडे बोट दाखवले.

मग चक्रे भराभर फिरली. उन्हात गेले की कातडी भाजते, नखे सुटतात, या तक्रारी आधीपासून होत्याच. ऑगस्ट 1982 मध्ये ब्रिटनने परवाना स्थगित केला आणि कंपनीने औषध जगभरातून मागे घेतले. तोवर ब्रिटनमध्ये साडेतीन हजारांवर तक्रारी आणि 61 मृत्यूंची नोंद झाली होती.

अमेरिकेत हेच औषध ‘ओराफ्लेक्स’ नावाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंजूर झाले होते. परदेशातल्या मृत्यूंची माहिती तिथल्या सरकारला दिली नाही, याबद्दल 1985 साली कंपनीने गुन्हा कबूल केला. दंड झाला 25 हजार डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला हा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, चेष्टा.

खरा संताप येतो तो ब्रिटनमधला खटला वाचताना. हजाराहून जास्त लोक कोर्टात गेले. ज्यांच्या गाठीशी थोडीफार पुंजी होती त्यांना सरकारी कायदेशीर मदत मिळेना, आणि 1987 साली न्यायालयाने ठरवले की नमुनादाखल चालणाऱ्या खटल्यांचा खर्च सगळ्या दावेदारांनी वाटून घ्यावा. पेन्शनीवर जगणाऱ्यांचे धाबे दणाणले. तेव्हा गॉडफ्री ब्रॅडमन नावाचा एक बांधकाम व्यावसायिक, ज्याचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता, खर्चाची हमी घेऊन उभा राहिला. वर्षअखेरीस तडजोड झाली ती सुमारे पावणेतेवीस लाख पौंडांवर. डोईमागे दोन हजारांच्या आसपास. निवृत्त माणसाचा पगार बुडत नाही, पुढची वर्षेही थोडीच. म्हणून भरपाईच्या गणितात त्याचा जीव स्वस्त. औषध देताना वय विचारात घेतले नाही, भरपाई देताना मात्र ते आवर्जून घेतले!

ओप्रेन गेले, त्यातला धडा मात्र आपल्या घराघरात पडून आहे. वयाबरोबर मूत्रपिंडांची ताकद उतरते. पण स्नायूही झडलेले असल्यामुळे क्रिएटिनिनचा रिपोर्ट वरवर ‘नॉर्मल’ दिसतो. त्यात रक्तदाबाची एक गोळी, लघवी वाढवणारी दुसरी, आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून न विचारता आणलेली वेदनाशामक तिसरी. हे त्रिकूट एकत्र आले की मूत्रपिंडे बसू शकतात. त्यांतली दोन डॉक्टरने लिहिलेली असतात, तिसरी त्याला माहीतच नसते.

म्हणून एवढे करा. या दिवाळीत घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत भरा आणि ती पिशवी एकाच डॉक्टरपुढे रिकामी करा. विचारा : यातले काय कमी करता येईल? मनाने काही बंद करू नका. आणि औषधाने त्रास झाल्याचा संशय आला, तर भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे रुग्णाला किंवा नातेवाइकांनाही थेट कळवता येते. त्याचा टोल-फ्री क्रमांक आहे 1800-180-3024.