वाचनगटासाठी प्रेमकादंबरी निवडताय?

लोणारजवळच्या बीबीसारख्या गावात वाचनगट जमवला, की पहिला प्रश्न येतो: प्रती मिळणार कुठून? म्हणून आधी लोणार-मेहकरच्या वाचनालयांत चौकशी करा, मग कादंबरी ठरवा. एकच प्रत असेल तर पुस्तक छोटं हवं. हातोहात फिरलं पाहिजे.

माझी पहिली पसंती विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ला (1939). युरोपातून निघालेली बोट, मायदेशी परतणारा चक्रधर आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा. बोट बंदराला लागेपर्यंतच सहवास, हे दोघांनाही ठाऊक. पुस्तक लहान, पण चर्चा रात्रभर पुरेल. चक्रधर हॅर्टाशी नीट वागला का, एवढं विचारा, गटात दोन तट पडलेच समजा!

गटात कॉलेजची पोरं असतील तर मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (2004) घ्या. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद, वर्गातली शिरोडकर. भाषा इतकी बोलकी की मोठ्याने वाचायला मजा येते. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ही चालेल, तिच्यावरचा 2013 चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यामुळे कादंबरीत वेगळं काय, इथूनच गप्पा रंगतात.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ठेवा. जाडजूड आहे, सोयाबीनच्या सोंगणीत तर कुणाचीच वाचून व्हायची नाही.

तुमच्या गटाने कोणती घेतली? कमेंटमध्ये सांगा.

#वाचनगट #मराठीकादंबरी