सर्व्हिस हिरवी दिसते, पण स्कॅनर तयार आहे का? ओपनव्हास सुरू होत नाही तेव्हा

आजचा भाग ओपनव्हासबद्दल. काली लिनक्सवर हा स्कॅनर टाकला, सेटअप चालवला, ब्राउझर उघडला आणि पान काही येईना. किंवा टर्मिनलवर लाल अक्षरात ‘फेल्ड’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे पाहिलं असणार. मग काय होतं, तर सापडेल त्या व्हिडिओतल्या दहा कमांड मारायच्या आणि शेवटी वैतागून अख्खं काली पुन्हा टाकायचं. तेवढं करायची गरज बहुतेक वेळा नसते. क्रमाने बघितलं की झालं.

ऐकताना कमांड नीट लक्षात राहत नाहीत, म्हणून इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.

हा एक प्रोग्राम नाहीच

थोडा इतिहास. 1998 मध्ये नेसस नावाचा मोफत स्कॅनर आला. 2005 मध्ये टेनेबल कंपनीने त्याचा पुढचा सोर्स कोड बंद केला, तेव्हा काही लोकांनी आधीचा खुला कोड घेऊन वेगळी वाट धरली. तो ओपनव्हास. पुढे 2008 मध्ये जर्मनीतल्या ओस्नाब्र्युकमध्ये ग्रीनबोन कंपनी सुरू झाली आणि तिने हे काम वाढवलं. म्हणून आज ओपनव्हास, जीव्हीएम, ग्रीनबोन ही सगळी नावं एकत्र ऐकू येतात.

आज त्यात बरीच मंडळी मिळून काम करतात. रेडिस ही स्कॅनरची तात्पुरती स्मृती. ओएसपीडी-ओपनव्हास हा प्रत्यक्ष स्कॅन चालवून घेणारा. पोस्टग्रेस म्हणजे कायमचं दप्तर, सगळे रिपोर्ट तिथे. जीव्हीएमडी हा मॅनेजर. आणि जीएसएडी म्हणजे तुम्हाला ब्राउझरमध्ये दिसणारं पान, जे 9392 पोर्टवर उघडतं.

आता समजा नळाला पाणी येत नाही. तुम्ही लगेच नळ बदलता का? आधी टाकी बघता, मग मोटर, मग वीज. इथेही तसंच. ब्राउझरचं पान हा फक्त नळ आहे. बिघाड बहुतेक वेळा खाली असतो.

पहिलं काम: विचारा

कालीवर एक छान कमांड आहे: ‘सुडो जीव्हीएम-चेक-सेटअप’. ती एकेक पायरी तपासते आणि अडलं तिथे ‘एरर’ लिहून खाली ‘फिक्स’ची ओळ देते. बरेच जण एरर वाचतात आणि फिक्सची ओळ सोडून गुगलवर जातात! ती ओळ आधी वाचा.

त्यानंतर ‘सिस्टम-सीटीएल स्टेटस’ लावून रेडिस, पोस्टग्रेस, ओएसपीडी-ओपनव्हास, जीव्हीएमडी, जीएसएडी या क्रमाने एकेकाची खबर घ्या. जो पहिला पडलेला सापडेल, त्याचा लॉग उघडा. लॉग ‘व्हार’मधल्या ‘लॉग’मधल्या ‘जीव्हीएम’ फोल्डरमध्ये असतात. तिथे काहीच नसेल तर ‘जर्नल-सीटीएल’ला विचारा. वरच्यांच्या एरर तोपर्यंत बाजूला ठेवा, कारण खालचा उठला की त्यातल्या बऱ्याच आपोआप जातात.

नेहमीचा अडथळा: पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या

काली सतत अपडेट होतं. एखाद्या अपग्रेडनंतर पोस्टग्रेसची नवी आवृत्ती येते, पण जुनीही तिथेच राहते. जुनी 5432 पोर्ट धरून बसलेली, नवी 5433 वर. जीव्हीएमडीला नवी हवी असते आणि तीही 5432 वरच. मग तो उठत नाही.

‘पीजी-एलएस-क्लस्टर्स’ ही कमांड दोन्ही आवृत्त्या आणि त्यांचे पोर्ट दाखवते. उपाय म्हणजे ‘पीजी-अपग्रेड-क्लस्टर’ने जुना डेटा नव्यात न्यायचा. त्याआधी नवं, रिकामं क्लस्टर काढून टाकावं लागतं. इथे दोन मिनिटं थांबा. कोणता आकडा जुना, कोणता नवा, हे पुन्हा बघा. चुकून जुनं काढलं तर सगळे रिपोर्ट गेले. म्हणून आधी बॅकअप, मग कमांड.

याच कुटुंबातली दुसरी एरर असते, डेटाबेसची आवृत्ती चुकीची असल्याची. त्यासाठी सर्व्हिस थांबवून जीव्हीएमच्या युजरने ‘जीव्हीएमडी, डॅश-डॅश-मायग्रेट’ चालवायचं.

रेडिस आणि परवानग्या

ओएसपीडी-ओपनव्हास रेडिसशी एका सॉकेट फाइलमधून बोलतो. ओपनव्हाससाठीचा रेडिस वेगळा चालतो, नेहमीचा रेडिस सुरू असून भागत नाही. सॉकेट आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर जीव्हीएमचा युजर रेडिसच्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा. नुकताच घातला असेल तर सर्व्हिस रीस्टार्ट करा.

कधी कधी एखादी कमांड रूटने चालवली जाते, फाइल्स रूटच्या मालकीच्या होतात आणि जीव्हीएमच्या युजरला त्या वाचता किंवा लिहिता येत नाहीत. अशा वेळी ‘सीएच-ओन’ने मालकी परत द्यायची. सगळ्या फाइल्सना 777 देऊन टाकू नका. तो उपाय नाही, घराचं दार काढून ठेवणं आहे.

मेमरीही बघा. ग्रीनबोनच्या सांगण्यानुसार किमान 4 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क हवी, 8 जीबी रॅम असली तर बरं. 2 जीबीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये कर्नल स्वतःच एखादी सर्व्हिस मारून टाकू शकतो.

उठला, पण तयार झाला का?

आता सगळ्यात महत्त्वाचं. सगळ्या सर्व्हिसेस हिरव्या झाल्या, पान उघडलं, लॉगिन झालं. पण नवा स्कॅन टाकायला गेलात तर स्कॅन कॉन्फिगची यादीच रिकामी! इथे काही मोडलेलं नसतं. फीड, म्हणजे त्रुटी ओळखण्याच्या चाचण्यांचा साठा, अजून आत यायचा असतो. त्यात लाखाहून जास्त चाचण्या आहेत. पहिल्यांदा डाउनलोड व्हायला, मग रेडिसमध्ये आणि पोस्टग्रेसमध्ये भरायला वेळ लागतो. या मधल्या काळात रीस्टार्ट करत बसलात तर काम आणखी लांबतं. चहा घ्या, लॉग बघत राहा.

‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये ‘फीड स्टेटस’ नावाचं पान आहे. तिथे सगळ्या ओळींसमोर ‘करंट’ दिसेपर्यंत रिपोर्टवर विश्वास ठेवू नका. का, ते सांगतो. 2021 च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरशेल ही भयंकर त्रुटी जगासमोर आली. त्याआधीच्या फीडवर अडकलेल्या स्कॅनरकडे तिची चाचणीच नाही. तो तुमचा सर्व्हर तपासेल आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. बंद पडलेला स्कॅनर निदान आपण बंद आहोत हे सांगतो. जुन्या फीडवरचा स्कॅनर मात्र ‘सगळं ठीक’ असा कागद हातात देतो, आणि त्या कागदाच्या भरवशावर कोणीतरी दुरुस्ती पुढे ढकलतं.

जाता जाता दोन गोष्टी

एक. हे पान फक्त त्याच मशीनवर, म्हणजे 127.0.0.1 वर उघडतं. फोनवरून दिसावं म्हणून ते सगळ्या नेटवर्कसाठी उघडं करायचा मोह होतो. पण त्या पानामागे तुमच्या प्रत्येक कच्च्या जागेची यादी आहे. बाहेरून बघायचंच असेल तर एसएसएच टनेल वापरा.

दोन. स्कॅन स्वतःच्या लॅबवर किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करा. कॉलेजचं वायफाय तुमचं नाही! आपल्याकडे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं 43 आणि 66 परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दलच आहेत.

तर क्रम लक्षात ठेवा: रेडिस, पोस्टग्रेस, मग वरचे सगळे, आणि शेवटी फीड. तुमचा स्कॅनर कुठे अडलाय ते लॉगच्या ओळीसकट कमेंटमध्ये टाका. पासवर्ड आणि आयपी तेवढे खोडून!