टीव्हीचे चित्र का तुटते?

टीव्हीवर बातम्या चालू आहेत. मध्येच चित्र लुकलुकते. त्याचे चौकोनी तुकडे होतात. बोलणारा माणूस तोंड उघडे ठेवून थांबतो. मग पडदा काळा! घरातले म्हणतात, "डबा गेला, नवा आणा." पैसे मोजण्याआधी जरा थांबा. पुष्कळदा दोष हातभर तारेत असतो.

दूरदर्शनने डिसेंबर २००४ मध्ये छत्रीवरची मोफत सेवा सुरू केली. तिला आज डीडी फ्री डिश म्हणतात. महिन्याचे भाडे नाही. जीसॅट-१५ हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून या लहरी पाठवतो.

पण लहरीतून अख्खे चित्र येत नाही. भुसावळच्या यार्डात मालगाडी पाहिली आहे ना? वाघिणी एकामागे एक, एकाच रुळावरून जातात. तसेच चित्राचे बारीक तुकडे करतात, त्यांचे आकडे करतात आणि ओळीने पाठवतात. डबा ते आकडे जुळवून पुन्हा चित्र मांडतो, एका सेकंदाला २५ चित्रे! वाटेत काही आकडे गळाले की चित्रात भोके पडतात.

पूर्वी अँटेनाच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. लहर क्षीण झाली की मुंग्या वाढत, पण माणूस दिसत राही. आता तसे नाही. लहर थोडी कमी झाली तरी चित्र स्वच्छ दिसते. आणखी कमी झाली की एकदम तुटते. म्हणून दोष जुना असला तरी कळतो उशिरा.

आता दोष शोधू. डब्याच्या रिमोटवरचे मेनूचे बटण दाबा. हा मेनू डबा स्वतः काढतो, तो आकाशातून येत नाही. मेनू स्थिर आहे आणि वाहिनीचे चित्रच तुटते, तर दोष छत्रीकडचा. मेनूही लुकलुकतो, तर डबा आणि टीव्ही यांच्यामधली तार पाहा. आता टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त करा. पडद्यावर येणारी आवाजाची पट्टीही लुकलुकली, तर दोष टीव्हीत किंवा विजेत आहे. घरातला दिवाही तेव्हाच मंद होत असेल, तर टीव्हीला बोल लावू नका, वायरमनला बोलवा.

छत्रीचे तोंड आग्नेयेला हवे. उगवतीकडे तोंड करून उजव्या हाताला अर्धे वळा, ती आग्नेय. तिकडे निंबाची फांदी वाढली असेल तर लहर अडते. वैशाखातल्या वादळाने छत्री बोटभर हलली तरी चित्र जाते. मात्र जोराचा पाऊस चालू असताना चित्र गेले, तर छत्रीला हात लावू नका. पावसाचे थेंबच लहर शोषतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. अशा वेळी छत्री फिरवणारा माणूस चांगली बसलेली छत्री बिघडवतो! शिवाय वीज कडाडत असताना छपरावर जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

छत्रीच्या तारेचे टोक पाहायचे तर आधी डब्याचा प्लग काढा. कारण डबा त्याच तारेतून वर थोडी वीज पाठवतो. टोकात पाणी शिरून तांबे हिरवे पडले असेल, तर तेवढा भाग कापून टोक नवे करायचे. घरात शिरण्याआधी तार थोडी खाली झोल देऊन न्यावी. म्हणजे पाणी झोलातून टपकते, भिंतीतून आत येत नाही.

डबा आणि टीव्हीमध्ये बहुधा एचडीएमआयची चपटी पिन असते. तिच्यातूनही आकडे ओळीनेच धावतात. पिन ढिली असली किंवा तार मोडून दुमडली असली की रांग तुटते आणि पडदा क्षणभर काळा होतो. पिन काढून पुन्हा घट्ट बसवा. तरीही लुकलुकले तर शेजाऱ्याची चांगली तार एकदा लावून पाहा. एका वेळी एकच वस्तू बदला. दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

आणखी एक. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि आम्ही पाहतो की डब्यावर हौसेने विणलेला रुमाल घातलेला असतो. रुमाल काढा. डब्याच्या भोकांतून वारा खेळू द्या.