कांचेंतील मळा : प्रवाळ व समुद्रांतील मासे घरीं पाळण्याविषयीं

समुद्रांतील प्रवाळ व मासे कांचेच्या टांकींत पाळण्याचा विषय शेतकीच्या मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. दोन वर्षांपूर्वीं मींहि हाच प्रश्न केला असता. परंतु न्यू जर्सी येथें माझ्या पुतण्याच्या घरीं उन्हाळ्याचे दोन महिने राहण्याचा योग आला, आणि त्याच्या दिवाणखान्यांतील टांकीपुढें बसतां बसतां माझी खात्री झाली कीं, हा समुद्राचा देखावा नसून एक मळा आहे. त्यांत नत्र आहे, स्फुरद आहे, चुना आहे, बेणें आहे, रोगराई आहे. आणि पाणी देतांना चूक झाली तर नुकसानहि आहे. तें नुकसान माझ्याच हातून झालें, तें पुढें सांगतों.

टांकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद व दोन फूट उंच. म्हणजे तीस घनफूट, सुमारें साडेआठशें लिटर पाणी. खालच्या कपाटांत आणखी एक शंभर लिटरांची लहान टांकी. वरचें पाणी कांठावरून सतत खालीं उतरतें, तेथें साफ होतें व पंपानें पुन्हां वर चढतें. पाणी, दगड व कांच मिळून वजन एक टनाच्या वर जात असल्यामुळें खालच्या तळघरांतून तुळयांस आधार द्यावा लागला होता. एकंदर खर्च किती आला तें पुतण्यानें मला एकट्यास सांगितलें. त्या रकमेंत आमच्याकडे विहीर खोदून वर पाइपलाइनहि झाली असती. सूनबाईंसमोर मीं हा हिशेब मांडला नाहीं.

प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडहि नव्हे. ते तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे असे असंख्य प्राणी असून एकमेकांस जोडून राहतात व पाण्यांतील चुना घेऊन स्वतःखालीं दगडी घर बांधीत जातात. त्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवाल असतें. तें प्रकाशांत साखर तयार करून यजमानास पोसतें, व यजमान त्यास आसरा आणि खत देतो. हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत जंतु राहतात, तशीच ही भागीदारी. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून एकदोन अंशांनीं अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें कीं ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतें, आणि प्रवाळ पांढरा पडून उपाशी राहतो. लक्षद्वीपांतील प्रवाळ १९९८, २०१० व २०१६ सालीं ह्याच कारणानें मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. म्हणून घरच्या टांकींत पाणी २५ ते २६ अंशांवर ठेवण्यासाठीं हिवाळ्यांत तापविण्याचें व उन्हाळ्यांत थंड करण्याचें, अशीं दोन्ही साधनें लागतात. वर निळसर एलईडी दिवे दिवसांतून आठ ते दहा तास जळत असतात.

कृष्णाकांठच्या आमच्या शेतकऱ्यांस ह्या टांकींतील पहिला धडा शिकविण्याची गरज नाहीं. पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें. त्या टांकींतून दररोज आठदहा लिटर पाणी हवेंत जाई. त्या जागीं पुन्हां खारें पाणी घालीत गेल्यास टांकीची लवकरच चोपण जमीन होईल. म्हणून भर घालावयाची ती गोड्या पाण्याची, आणि तेंहि क्षार काढून टाकलेलें. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; हें प्रमाण जवळजवळ स्थिर राहिलें पाहिजे. आम्ही उंसाला पाटानें पाणी भरभरून देत गेलों व निचऱ्याकडे पाहिलें नाहीं, त्याचें फळ आमच्या वरच्या पट्टींत पांढऱ्या थराच्या रूपानें दिसतेंच आहे. टांकींत हेंच सारें पंधरा दिवसांत घडतें, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट नत्राची. माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाण्यापासून अमोनिया होतो. तो माशांस विष आहे. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करितात, दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करितात. जमिनींत शेणखत व युरिया पिकाच्या उपयोगी पडतात ते अशाच जंतूंच्या कामगिरीमुळें, व विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञानें ते १८९० च्या सुमारास वेगळे काढून दाखविले. नव्या टांकींत हे जंतु वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत तींत मासा सोडूं नये. नवशिके येथेंच घाई करितात, आणि पहिले मासे बहुधा ह्याच घाईला बळी पडतात.

हे जंतु राहतात कोठें, तर समुद्रांतून आणलेल्या सच्छिद्र दगडांच्या पोटांत. अशा जिवंत दगडांवर भिस्त ठेवून, नुसती हवा सोडून समुद्री टांकी चालवितां येते, हें जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थानें दाखविलें व १९६१ सालीं त्याविषयीं अमेरिकन मासिकांत लिहिलें. पुढें जर्मनींतील शौकिनांनीं त्यास फेस काढण्याच्या यंत्राची जोड दिली. उभ्या नळींत बारीक बुडबुडे सोडले कीं पाण्यांतील चिकट घाण बुडबुड्यांस धरून वर येते व तपकिरी फेसाच्या रूपानें वाटींत पडते. गुऱ्हाळावर काहिलींतील मळी झाऱ्यानें काढतात, तेंच हें काम. फक्त येथें तें अहोरात्र चालतें.

प्रवाळ ज्या समुद्रांत वाढतात तेथें नत्र व स्फुरद जवळजवळ नसल्यासारखे असतात. खत वाढलें कीं हिरवें शैवाल माजतें व प्रवाळ त्याखालीं दबून जातो. हा नुसता टांकीपुरता प्रश्न नव्हे. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर उंसाचे मळे आहेत. त्यांतील नत्र पावसाबरोबर नद्यांतून मोठ्या प्रवाळभित्तीच्या समुद्रांत उतरतो, आणि तेथील सरकारला २००३ सालीं ह्यासाठीं खास योजना आंखावी लागली. ऊंस पिकविणाऱ्या माणसानें ही हकीकत वाचून आपल्या युरियाच्या पोत्याकडे एकदां पाहण्यास हरकत नाहीं.

आतां चुन्याविषयीं. प्रवाळ वाढूं लागला कीं पाण्यांतील चुना व क्षारता दोन्ही खातो. समुद्राच्या लिटरभर पाण्यांत सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, व सामू आठाच्या किंचित् वर, म्हणजे आमच्या काळ्या जमिनीसारखाच असतो. ही तूट भरून काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुन्याची निवळी. पीटर विल्केन्स ह्या युरोपीय शौकिनानें १९७० नंतरच्या दशकांत हा उपाय प्रसिद्धीस आणला. शुद्ध चुना पाण्यांत कालवून स्थिर होऊं द्यावा. वरचें स्वच्छ पाणी रात्रीं थेंब थेंब सोडावें. रात्रीं अशासाठीं कीं, अंधारांत शैवालाचें काम बंद होऊन सामू उतरतो व निवळी तो सांवरते. पुतण्यानें उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागीं हीच निवळी आपोआप पडावी अशी व्यवस्था केली होती. खालच्या टांकींत एक तरंगता खटका बसविला होता. पातळी उतरली कीं पिंपावरील पंप चालूं होई. चुना लोणच्यांच्या दुकानांतला होता, कारण तेथें काकड्यांच्या लोणच्यास तो वापरतात.

पुतण्या व सूनबाई चार दिवस बाहेरगांवीं गेलीं. जातांना तो म्हणाला, "काका, तुम्ही फक्त माशांना चिमूटभर खाणें घाला. बाकीचें यंत्र बघेल." तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों खालच्या टांकीची पातळी चार बोटें उतरलेली. खटक्यावर एक गोगलगाय चढून बसली होती. गोगलगाय काढावी व स्वस्थ बसावें, एवढेंच करावयाचें होतें. पण मला वाटलें, पाणी तुटलें आहे, लवकर भरावें. आम्ही द्राक्षांवर बोर्डो मारणारीं माणसें. चुना ढवळल्याखेरीज घ्यावयाचा नाहीं हें हातांत भिनलेलें. मीं पिंप तळापासून ढवळलें आणि दहाएक लिटर चुन्याचें दूध एकदम ओतलें.

अर्ध्या तासांत टांकी ताकासारखी झाली. सामू मोजला तों ९·१. मासे वर येऊन कल्ले जोरजोरानें हालवीत होते, आणि प्रवाळांनीं आपलीं तोंडें मिटून घेतलीं होतीं. फोनवर पुतण्यास सांगितलें. तो क्षणभर बोललाच नाहीं. मग म्हणाला, "काका, निवळी घालायची होती. दूध नव्हतें." उपाय त्यानेंच सांगितला: घरांत असेल तेवढें साधें सोडावॉटर थोडें थोडें करून खालच्या टांकींत सोडावें. त्यांतील कर्बवायु सामू उतरवितो. शेजारच्या बाईंनीं आपल्याकडील सहा बाटल्या आणून दिल्या. दिवसभर तें करीत बसलों. दिवस मावळतां सामू ८·५ वर आला.

पाणी पांढरें कां झालें हें मला मागाहून कळलें. चुना एकदम पडल्यामुळें समुद्राच्या पाण्यांत विरघळलेले क्षार त्याच्याशीं संयोग पावून खडूसारखा चुनखडीचा गाळ बसला, आणि त्याबरोबर पाण्यांत आधीं असलेलें कॅल्शियम व क्षारताहि बाहेर पडली. म्हणजे चुना घालून चुनाच कमी झाला. दोन लहान हिरवट मासे व एक साफसफाई करणारा झिंगा त्या रात्रींच मेले. परंतु खरें नुकसान आठवड्यानें दिसलें. टांकीच्या मध्यभागीं सांबराच्या शिंगांसारखा फांदीदार प्रवाळ होता. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून सात वर्षांत तो दीड फूट पसरला होता. बुडाकडून त्याची कातडी सुटूं लागली व दररोज बोटबोट पांढरें हाड वर सरकूं लागलें.

येथें मोरचुदाविषयीं एक सूचना देतों, कारण बोर्डोची संवय असणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या हातून तीहि चूक होईल. समुद्री माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांबें हा जुना व खरा उपाय आहे. पण प्रवाळ, झिंगे व गोगलगायी ह्यांस तेंच तांबें ठार करितें. म्हणून औषध द्यावयाचें तें वेगळ्या भांड्यांत. बाजारांतून आणलेला बैल आपण कांहीं दिवस दावणीपासून दूर बांधतों, तसा नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळा ठेवणें हें त्याहून चांगलें.

पुतण्या परत आल्यावर रागावला नाहीं. त्यानें मला जवळ बसविलें. उंसांत तांबडी कूज दिसली तर आपण निरोगी टिपऱ्या निवडून बेणें वांचवितों. त्यानेंहि मेलेल्या भागाच्या दीड इंच वर फांद्या हाडें कापण्याच्या कात्रीनें तोडल्या व प्रत्येक शेंडा डिंकासारख्या घट्ट चिकटद्रव्यानें लहान दगडी बिल्ल्यावर बसविला. बिल्ले मीं धरले. एकोणीस झाले. प्रवाळाची पैदास तेथें ह्याच रीतीनें होते. शौकीन लोक एकमेकांस तुकडे देतात, व ज्याचा मूळ प्रवाळ मरतो त्यास त्यानेंच पूर्वीं दिलेलें बेणें परत मिळतें.

हें वाचून कोणास मालवणच्या समुद्रांतून प्रवाळ आणण्याची इच्छा झाली तर ती तेथेंच सोडावी. दगडी प्रवाळ, काळें प्रवाळ, समुद्रपंखे इत्यादि २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहेत. ते काढणें, बाळगणें किंवा विकणें हा वाघ मारण्याच्या रांगेंतला गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांची कैद आहे. ज्यांस हौस असेल त्यांनीं पैदाशीच्या माशांवर भागवावें. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेनें टांक्यांतून वाढवून दाखविला आहे. ह्या माशांत सर्व पिल्लें प्रथम नर असतात. कळपांतली मादी मेली कीं सर्वांत मोठा नर मादी होतो. पैदासकारास जोडी जमविण्याची चिंताच उरत नाहीं.

जानेवारींत पुतण्याचा फोन आला. एकोणीसपैकीं चौदा शेंडे जगले असून सहांनीं बिल्ल्यावर बूड पसरलें आहे. खटके आतां दोन बसविले आहेत. पिंपावर सूनबाईंनीं मराठींत चिठ्ठी लावली आहे: "ढवळूं नये." मूळ प्रवाळाचें पांढरें हाड त्यांनीं टांकींतच ठेवलें असून मासे त्याच्या फांद्यांत रात्रीं झोपतात.