साडेतीनशे दिरहॅमचा ऊद आणि खिशातली चार कार्डं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे काय की" तेवढे काढलेत.

गेल्या आठवड्यात शारजाहून एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, आमच्या बिल्डिंगमधला एकजण देश सोडून चाललाय, ऊद विकतोय. ३५० दिरहॅम, केस फ्री. शिंपल्याची भारी नक्षी आहे. घेऊ का?" सोबत एकच फोटो. समोरून काढलेला, ऊद सोफ्यावर आरामात पडलेला.

३५० दिरहॅम म्हणजे आपले आठ हजारांच्या आसपास. नवा, शिकण्याजोगा ऊद घ्यायचा तर याच्या तीन-चार पट पैसे सहज जातात. त्यामुळे मोह होणारच. आणि तुम्ही इथे दुबई-शारजात राहत असाल तर असे ऊद सतत विकायला निघतात, कारण लोक येतात, शिकायचं ठरवतात, दोन महिन्यांत सोडतात, नोकरी बदलते, निघून जातात. (सर्च करताना एक गंमत. नुसतं 'ऊद' टाकलंत तर आधी शंभर अत्तरं दिसतील. अरबीत ऊद म्हणजे मुळात लाकूड, त्यामुळे सुगंधी लाकडालाही तेच नाव आणि वाद्यालाही तेच. आपल्या उदबत्तीतला 'उद' तिथलाच.)

ज्यांनी वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी पटकन: अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखं पोट, आखूड दांडी, टोकाला मागे मोडलेला खुंट्यांचा भाग. तारा साधारण अकरा, म्हणजे पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. पडदे नाहीत, सरोदसारखंच. युरोपातला ल्यूट याच्यापासूनच आला, नावासकट. २०२२ मध्ये इराण आणि सीरियाच्या नावाने ऊद घडवण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोच्या यादीत गेली. असो, आपला मुद्दा खरेदीचा.

मी स्वतः पहिला ऊद असाच घेतला होता. सेकंडहँड, स्वस्त, नक्षीदार. सहा महिने रोज ऑफिसनंतर वाजवला. बोटांची सालटी निघाली, पण सूर काही स्वच्छ येईना. खालच्या जागांवर कसंबसं जमायचं, जरा वर गेलं की तार दाबता दाबता सूर चढायचा. मला वाटलं माझ्या बोटांत जोर नाही, कान कच्चा आहे, वय निघून गेलं. सोडून द्यायच्या बेतात होतो. मग एका सीरियन उस्तादांकडे पहिल्यांदा गेलो. त्यांनी माझा ऊद हातात घेतला, एक तार दाबली, परत दिला आणि स्वतःचा पुढे केला. त्याच्यावर तेच वाजवलं आणि वाजलं! सहा महिने मी स्वतःला जे काय बोललो होतो ते त्या वाद्याला ऐकवायला हवं होतं.

म्हणून त्या श्रोत्याला मी पहिला रिप्लाय हा दिला: आवाज कसा आहे ते नंतर, नक्षी तर विसरूनच जा, आधी दांडीचा कोन बघ.

का, ते सांगतो. अकरा तारा मिळून दांडीला तीस-चाळीस किलोची ओढ असते, चोवीस तास. वाद्य नीट बांधलेलं नसेल किंवा वर्षानुवर्षं तसंच ताणून ठेवलेलं असेल तर दांडी हळूहळू पुढे झुकते. दांडी झुकली की तारा तिच्यापासून लांब जातात. गिटारमध्ये अशा वेळी बऱ्याचदा आतला लोखंडी रॉड फिरवून भागतं. उदाच्या दांडीत तसा रॉड नसतो, आणि ब्रिज तबलीला चिकटवलेला असतो, खालीवर करता येत नाही. दांडी उपटून नव्याने बसवणं हाच खरा इलाज, आणि त्याची मजुरी ३५० दिरहॅमच्या उदापेक्षा जास्त होते. आमच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळे बग आहेत, हा डिझाइनचा घोळ आहे. बग फिक्स होतात.

मोजायचं कसं? खिशातली एटीएम कार्डं काढा. बँकेचं कार्ड जगभर ०.७६ मिलिमीटर जाडीचं असतं. दांडी जिथे पोटाला मिळते त्या जोडावर, तारा आणि दांडी यांच्यामध्ये एकावर एक कार्डं सरकवा. उठावदार आकडे असलेलं जुनं कार्ड असेल तर त्याची सपाट कड वापरा. तीन-चार कार्डांत तारा टेकल्या तर उत्तम, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आत. पाच गेली तर शिकताना त्रास होईल, घासाघीस करा. सहा गेली तर केस फ्री असो की अजून काही, नमस्कार करून निघा. माझ्या त्या पहिल्या उदात सात गेली होती. हो, नंतर मोजली.

पण इथे एक मेख आहे. तारा सैल असतील तर हे माप खोटं येतं. ताण नाही म्हणजे दांडी झुकलेली दिसतच नाही. विकणारा मुद्दाम फसवतो असं नाही, पडून असलेल्या उदाच्या तारा सैल असतातच. म्हणून जाण्याआधी सांगा की पूर्ण स्वरात लावून ठेवा. अरबी पद्धतीत खालून वर सी, एफ, ए, डी, जी, सी. फोनमधलं कुठलंही ट्यूनर ॲप चालेल. त्यांना येत नसेल तर तुम्ही लावा, पंधरा-वीस मिनिटं चहा घ्या, मग कार्डं काढा. लावताना ब्रिज निघून हातात आला तर वाईट वाटून घेऊ नका. तो घरी आल्यावर निघाला असता.

आता टेप. तार जिथून सुरू होते त्या हाडाच्या पट्टीपासून ब्रिजपर्यंत मोजा. अरबी उदात साधारण ६१ सेंटिमीटर, तुर्कीत ५८.५ च्या आसपास. दांडी याच्या एक तृतीयांश हवी, म्हणजे अरबीत वीसच्या जवळपास. हे का महत्त्वाचं? मोकळी तार सा धरली तर एक तृतीयांशावर बरोब्बर पंचम येतो. पडदे नसलेल्या वाद्यावर हाताला अंधारात सापडणारी तेवढीच एक जागा: जोड लागला की पंचम. डीची तार तिथे दाबा, ॲपवर ए आला पाहिजे. जवळपास आला तर ठीक. पण पाऊण-एक स्वर लांब गेला तर ब्रिज कोणीतरी भलतीकडे चिकटवलाय किंवा वाद्य मुळात शोभेसाठीच केलंय.

शोभेचा ऊद ओळखायला अजून एक सोपी खूण. तबलीवरच्या भोकाची जाळी जरा निरखून बघा, आणि कडेला फोनचा टॉर्च मारा. खरी तबली स्प्रूस किंवा सीडरच्या फळीची, जेमतेम दोन मिलिमीटरची. वरून दिसणाऱ्या लाकडाच्या रेघा कडेतून खाली उतरताना दिसतात. प्लायवूड असेल तर कडेला थर दिसतात, वेफरच्या बिस्किटासारखे. प्लाय असेल, वर जाड चकचकीत लॅकर असेल आणि उचलताना पाटा उचलल्यासारखं वाटत असेल तर तो भिंतीवर टांगायचा ऊद. चांगला ऊद हातात घेतला की आत काही नाहीच असं वाटतं.

टॉर्च हातात आहे तोवर दिवे बंद करून तबलीवर आडवा मारा. भोक आणि ब्रिज यांच्यामध्ये हलका खळगा चालतो, बहुतेक जुन्या वाद्यांत असतो. ब्रिजमागे फुगवटा आणि पुढे खड्डा असं स्पष्ट दिसलं तर आतल्या आडव्या पट्ट्या सुटल्यात. बोटाच्या पेराने तबलीवर टकटक करत फिरा. एखाद्या ठिकाणी खुळखुळ आली तरी तेच. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पावतीचा कागद सरकतो का बघा. सरकला तर ब्रिज उठायला लागलाय. (इराकी पद्धतीच्या काही उदांत ब्रिज चिकटवलेला नसतोच, नुसता टेकलेला असतो आणि तारा मागच्या टोकाला बांधतात. मुनीर बशीर यांचा ऊद असा होता. तिथे ही कागदाची परीक्षा लागू नाही.)

बाकीच्या गोष्टींना घाबरू नका. मागच्या पट्ट्यांमधली एखादी सांध उघडी आहे? सरस लावून बसते. खुंट्या सटकतात? खडू आणि साबण, सतारवाले करतात तेच. तारा काळ्या पडल्यात? नव्या सेटचे साधारण शंभर दिरहॅम धरा, कुठल्याही सेकंडहँड उदाला ते धरायचेच. रीशा हरवली? प्लास्टिकच्या पट्टीतून कापा. मात्र जुन्या दुरुस्तीत सरसाऐवजी एपॉक्सीचे ओघळ दिसले तर सावध. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो, म्हणून कारागीर पुन्हा उघडून नीट करू शकतो. एपॉक्सी सुटत नाही, लाकूड तुटतं.

आणि हो, याच सरसाची दुसरी बाजू मी स्वतः अनुभवली आहे. जूनमध्ये ऊद डिकीत ठेवून मित्राकडे जेवायला गेलो. इथल्या उन्हात बंद गाडी साठ अंशांच्या पुढे जाते. परत आलो तर ब्रिज तारांना लटकत होता. त्यात विकणाऱ्याची काही चूक नव्हती, मीच गाढवपणा केला.

तर त्या श्रोत्याचं काय झालं? तो परवा संध्याकाळी गेला. तारा सैलच होत्या, अर्धा तास लावण्यात गेला. माप ६१, पंचम जोडावर. कार्डं चार गेली, पाचवं अडकलं. तबली खरी. तीन खुंट्या सटकत होत्या आणि मागे एक सांध उघडी. शिंपल्याची नक्षी प्लास्टिकची निघाली. मी म्हटलं, घे, पण तारा आणि सांधेचे मिळून दीडशे धर आणि तेवढे कमी करायला सांग. अडीचशेला मिळाला.

टॅक्सीत मांडीवर घेऊन गेला. पुढच्या भागात अकरा तारा बदलायच्या कशा ते करू. जुन्या तारा एकदम सगळ्या काढू नकोस एवढं त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.